धाकट्या भावाची गाणी

असई हे नाव आपल्याला शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकातून ठाऊक असते. जालना जिल्ह्यातले हे लहानसे गाव. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या एकत्रित फौजेची इंग्रजांशी गाठ पडली, आणि त्या एका दिवसाने दख्खनचे भवितव्य पालटले. इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली. पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेला आणि वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तो हाच. त्या वेळी कलकत्त्यात गव्हर्नर जनरलच्या गादीवर बसला होता त्याचाच थोरला भाऊ रिचर्ड.

या भावांच्या आडनावाची एक गंमत आहे. असईच्या लढाईआधी अवघी पाच वर्षे, म्हणजे १७९८ पर्यंत, आर्थर आपली सही ‘वेस्ली’ अशी करीत असे. ‘वेलस्ली’ हे त्याच नावाचे जुने, भारदस्त रूप या भावांनी नंतर उचलले. आणि ‘वेस्ली’ हे नावही त्यांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या चालत आलेले नव्हते. ते त्यांच्या आजोबांना एका इस्टेटीबरोबर मिळाले होते. आयर्लंडमधल्या डँगन येथील गॅरेट वेस्ली या धनाढ्य जमीनदाराला मूलबाळ नव्हते. त्याने रिचर्ड कॉली या नातलगाला वारस नेमले. अट एवढीच, की त्याने वेस्ली हे नाव लावावे. १७२८ मध्ये कॉलीचा वेस्ली झाला.

पण कॉली ही जमीनदाराची पहिली निवड नव्हती. त्याच्या मनात दुसराच एक मुलगा होता. लंडनच्या वेस्टमिन्स्टर शाळेत शिकणारा, एका कर्जबाजारी धर्मगुरूचा चुणचुणीत मुलगा, चार्ल्स वेस्ली. आडनाव एक, म्हणून आपुलकी. चार्ल्सच्या शिक्षणासाठी आयर्लंडहून काही वर्षे पैसेही येत राहिले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. मग एक दिवस विचारणा झाली, दत्तक येतोस का? वडिलांनी निर्णय मुलावरच सोपवला. मुलगा नाही म्हणाला.

हा नकार देणारा मुलगा पुढे मेथॉडिस्ट चळवळीचा पहिला आणि सर्वांत मोठा गीतकार झाला. त्याचा थोरला भाऊ जॉन वेस्ली हा त्या चळवळीचा संस्थापक. जगभरच्या पुस्तकांत नाव झाले ते जॉनचे. धाकट्याच्या वाट्याला काय आले? त्याची गाणी लोकांच्या तोंडी राहिली, एवढेच. ‘एवढेच’ म्हणावे की ‘एवढे’ म्हणावे, ते वाचकांनी ठरवावे.

शनिवारचा मुलगा

चार्ल्सचा जन्म १८ डिसेंबर १७०७ चा. इंग्लंडच्या पूर्वेकडे लिंकनशायरमध्ये एपवर्थ नावाचे गाव आहे. तिथल्या चर्चचे धर्मगुरू सॅम्युअल वेस्ली आणि त्यांची पत्नी सुझॅना यांचे हे अठरावे अपत्य. दिवस पुरे भरण्याआधीच जन्मलेले. ते जगेल असे कुणाला वाटले नव्हते. मऊ लोकरीत गुंडाळून ठेवलेले हे मूल कित्येक आठवडे रडले नाही की त्याने डोळे उघडले नाहीत, अशी आठवण त्या घरात सांगितली जाई. सुझॅनाला एकूण एकोणीस मुले झाली. त्यांतली बरीच तान्हेपणीच गेली.

वडील विद्वान, कवितेचे वेडे आणि व्यवहारात कच्चे. कर्जापायी १७०५ मध्ये ते तुरुंगातही जाऊन आले होते. घर चालवले ते सुझॅनाने. मुलांची शाळा तिनेच घरी काढली. पाच वर्षे पूर्ण झाली की अक्षरओळख, दिवसाचे सहा तास अभ्यास, शिस्त कडक. पण या कडक बाईने एक विलक्षण रीत पाळली होती. आठवड्याचा एकेक दिवस तिने मुलांना वाटून दिला होता. त्या संध्याकाळी ती त्या मुलाशी एकांतात बसून बोलायची. गुरुवार जॉनचा, शनिवार चार्ल्सचा. एवढ्या खटल्याच्या घरात प्रत्येक मुलाला आई आठवड्यातून एकदा तरी सबंध आपली म्हणून मिळायची. ज्यांच्या घरी एक किंवा दोनच मुले आहेत, त्यांनाही आज हा हिशेब जमत नाही.

९ फेब्रुवारी १७०९ च्या रात्री एपवर्थच्या त्या घराला आग लागली. सव्वा वर्षाच्या चार्ल्सला दाईने उचलून बाहेर आणले. साडेपाच वर्षांचा जॉन वरच्या खोलीत अडकला. शिडी आणायला वेळ नव्हता. एक माणूस दुसऱ्याच्या खांद्यावर चढला आणि त्याने खिडकीतून पोराला ओढून काढले. पाठोपाठ छप्पर कोसळले. आईने त्या दिवसापासून जॉनला ‘देवाने राखलेला’ मानले. धाकट्याला मात्र अशी काही खूण लाभली नाही. थोरल्याच्या कथेत तो दाईच्या कडेवर आहे. पुढेही आयुष्यभर तो थोडासा तसाच राहिला.

वेस्टमिन्स्टरच्या शाळेत चार्ल्स १७१६ मध्ये गेला. सर्वांत थोरला भाऊ सॅम्युअल तिथे शिक्षक होता. तिथे विल्यम मरे नावाचा एक स्कॉटिश मुलगा आला. त्याचे घराणे राजाविरुद्ध बंड करणाऱ्यांच्या बाजूचे, म्हणून बाकीची मुले त्याला छळत. चार्ल्स त्याच्या बाजूने उभा राहिला, प्रसंगी हाणामारीही केली. हा मरे म्हणजेच पुढे सरन्यायाधीश झालेला लॉर्ड मॅन्सफील्ड. इंग्लंडच्या भूमीवरून गुलामाला बळजबरीने परदेशी नेता येणार नाही, असा १७७२ चा गाजलेला निकाल त्याचा. दोघांची मैत्री म्हातारपणापर्यंत टिकली.

तांबटाच्या घरी

१७२६ मध्ये चार्ल्स ऑक्सफर्डला गेला. पहिले वर्ष मजेत गेले, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. मग मन पालटले. १७२९ मध्ये त्याने दोघातिघा मित्रांना घेऊन नेमाने अभ्यास, उपास आणि प्रार्थना करायला सुरुवात केली. हे तरुण तुरुंगात जाऊन कैद्यांना भेटत, गरिबांच्या मुलांना शिकवत. प्रत्येक गोष्ट घड्याळ लावून करणाऱ्या या पोरांची बाकीच्या विद्यार्थ्यांनी टिंगल केली आणि त्यांना ‘मेथॉडिस्ट’ असे नाव ठेवले. मेथड म्हणजे पद्धत. तेव्हा मेथॉडिस्ट म्हणजे पद्धतवाले. जॉन त्या वेळी वडिलांच्या मदतीला गावी होता. तो परतला आणि मंडळाचा पुढारी झाला. म्हणजे ज्या मंडळींना पहिल्यांदा मेथॉडिस्ट म्हटले गेले त्यांना एकत्र आणले धाकट्याने, आणि नेतृत्व गेले थोरल्याकडे. याबद्दल चार्ल्सने कधी कुरकुर केल्याचे दिसत नाही.

१७३५ च्या अखेरीस दोघे भाऊ अमेरिकेतल्या जॉर्जिया या नव्या वसाहतीकडे निघाले. जनरल ओग्लथॉर्प यांचा चिटणीस आणि वसाहतीतला धर्मगुरू अशी चार्ल्सची दुहेरी नेमणूक. ती पुरती फसली. फ्रेडरिका नावाच्या ठाण्यात त्याच्याविरुद्ध कागाळ्या झाल्या. साहेबांची मर्जी उतरली, आजारपणात झोपायला धड फळीदेखील मिळेना. परतीच्या वाटेवर चार्ल्स्टन शहरात गोऱ्या मालकांकडून गुलामांचे होणारे हाल त्याने पाहिले. लहान मुलाला खेळायला आणि छळायला त्याच्याच वयाचा गुलाम देतात, हे त्याने संतापाने रोजनिशीत नोंदवले. १७३६ च्या डिसेंबरात तो इंग्लंडला परतला तो शरीराने आणि मनाने खचून.

पुढची दीड वर्षे अस्वस्थतेची. धर्मगुरूची दीक्षा घेतलेली, उपदेश चालू, पण आत कोरडे. आपल्याकडे तुकोबांच्या अभंगांत अशी तळमळ आपण वाचतो. तिची जात थोडीफार हीच. पीटर बोलर नावाचा एक जर्मन मोरेव्हियन धर्मप्रसारक चार्ल्सकडे इंग्रजी शिकायला येई. शिकवणी इंग्रजीची, पण खरे धडे मिळाले ते शिक्षकालाच. पुण्याई साठवून देव मिळत नाही, भरवसा टाकावा लागतो, हे बोलरचे सांगणे.

१७३८ च्या मे महिन्यात चार्ल्स छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला होता. तो राहत होता लंडनमधल्या लिटल ब्रिटन या भागात, जॉन ब्रे नावाच्या एका तांबटाच्या घरी. ऑक्सफर्डचा पदवीधर, लॅटिन-ग्रीक कोळून प्यालेला. आणि रोज त्याच्याजवळ बसून धर्मग्रंथ वाचणारा हा बिनशिकलेला कारागीर. चार्ल्सला त्यात कमीपणा वाटला नाही. २१ मे १७३८, रविवार. त्या घरातल्या एका बाईने, तांबटाच्या बहिणीने, धीर करून त्याच्या दाराशी विश्वासाचे दोन शब्द उच्चारले. त्या दिवशी मनाची गाठ सुटली, असे त्याने लिहिले आहे.

दोनच दिवसांनी त्याने त्यावर एक गीत लिहायला घेतले. मध्येच थांबला. आपण हे गर्वाने तर लिहीत नाही ना, अशी शंका आली. ब्रेने धीर दिला आणि गीत पुरे झाले. २४ मे च्या रात्री दहाच्या सुमारास जॉनला घेऊन मित्रमंडळी आली. ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका बैठकीत त्यालाही तोच अनुभव आला होता. आजाऱ्याच्या खोलीत सगळ्यांनी मिळून ते ताजे गीत म्हटले. मेथॉडिस्ट चळवळीचा इतिहास जॉनच्या २४ मे पासून सुरू होतो, असे म्हणतात. पण त्या रात्री गायला गाणे तयार होते, कारण धाकटा तीन दिवस पुढे होता.

खाणीच्या तोंडाशी

पुढची गोष्ट चर्चच्या भिंतीबाहेर घडते. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये चार्ल्स लंडनच्या न्यूगेट तुरुंगात फाशीच्या कैद्यांकडे जाऊ लागला. त्यांत मालकाकडे चोरी केल्याचा आरोप असलेला एक काळा गुलाम होता, तापाने फणफणलेला. आदल्या रात्री चार्ल्सने स्वतःला या कैद्यांबरोबर कोठडीत कोंडून घेतले. १९ जुलैला तो टायबर्नच्या वधस्तंभापर्यंत त्यांच्याबरोबर गेला. ती मंडळी गाडीवर उभी राहून गात होती. फाशीच्या खांबाखाली काढलेला तो तास आपल्या आयुष्यातला सर्वांत धन्य तास होता, असे त्याने रोजनिशीत म्हटले आहे.

१७३९ पासून उघड्या मैदानावरचे उपदेश सुरू झाले. वाट दाखवली जॉर्ज व्हाइटफील्ड या ऑक्सफर्डच्याच मित्राने. ब्रिस्टलजवळ किंग्सवूडला कोळशाच्या खाणी होत्या. तिथल्या कामगारांना चर्चमध्ये कुणी बोलावत नव्हते. व्हाइटफील्ड बोलत असताना त्यांच्या काळ्याठिक्कर गालांवरून अश्रूंचे पांढरे ओघळ वाहिले, हे दृश्य प्रसिद्ध आहे. त्या कामगारांपैकी अनेकांना अक्षरओळख नव्हती. त्यांना काय द्यायचे? प्रवचन ऐकून माणूस घरी जातो आणि विसरतो. गाणे मात्र त्याच्याबरोबर खाणीत उतरते. म्होरक्या दोन ओळी सांगे, जमाव त्या चालीवर उचलून धरी. आपल्या कीर्तनात झीलकरी करतात तसे. फरक इतकाच, की इथे सगळा समुदायच झीलकरी होता.

त्या काळच्या इंग्लंडमध्ये सर्वसाधारण चर्चमध्ये बायबलातल्या स्तोत्रांची जुनी पद्यरूपांतरेच म्हटली जात. आयझॅक वॉट्ससारख्याने नव्या गीतांची वाट आधीच पाडली होती. चार्ल्सने त्या वाटेचा हमरस्ता केला. ‘मी’ हा शब्द त्याने गीतात निःशंकपणे आणला. विद्वानाचा मी नव्हे, तर मोलकरणीलाही, खाणकामगारालाही स्वतःचा म्हणून उच्चारता येईल असा मी. शब्द सोपे, पण पोकळ नाहीत. बायबलचे संदर्भ ओळीओळीत इतके मुरलेले, की गाता गाता निरक्षर माणसाचे धर्मशिक्षण होऊन जावे.

विरोधही झाला. दगड आले, चिखल आला. १७४३ च्या मे महिन्यात शेफील्डला जमावाने उपासनेचे घरच पाडायला घेतले. एका लष्करी अधिकाऱ्याने चार्ल्सच्या छातीवर तलवार रोखली. चार्ल्सने छाती उघडी केली आणि शांतपणे म्हणाला, मी देवाला भितो आणि राजाला मान देतो. तलवार खाली आली. १७४७ मध्ये डिव्हायझेस गावातही जीव वाचवून निघावे लागले. दंगलीच्या दुसऱ्या दिवशी, आणि कधी त्याच रात्री, त्या प्रसंगावर गीत तयार असे.

किती लिहिले त्याने? गीते सहा हजारांहून अधिक. बाकीच्या कविता धरल्या तर आकडा नऊ हजारांच्या आसपास जातो. पन्नास वर्षे, दर दोन-तीन दिवसांना एक असा हा हिशेब आहे. अर्थात सगळीच गीते उत्तम नाहीत. पुष्कळशी सामान्य आहेत, काही वादविवादाच्या भरात लिहिलेली आणि कडवट आहेत. पण कविता त्याला बैठक मारून सुचत नसे. तो घोड्यावर असे. खिशात लहान कागद, त्यावर लघुलिपीत ओळी. म्हातारपणीही आपल्या म्हाताऱ्या घोड्यावरून तो लंडनच्या सिटी रोडवरील घरी येई, घोडा अंगणात सोडी आणि आत शिरताच ‘शाई-लेखणी आणा’ असे ओरडे. लिहून झाले, की मग मंडळींकडे पाहून नमस्कार-चमत्कार.

त्याच्या विषयांची यादी पाहिली की हा माणूस आपल्या शेजारचा वाटू लागतो. १७५० मध्ये लंडनला भूकंपाचे धक्के बसले. त्यावर गीतांचे पुस्तक. १७६३ मध्ये मुलांसाठी. १७६७ मध्ये कुटुंबांसाठी: त्यात बाळंतपणाच्या वेणा सुरू असताना म्हणायचे गीत आहे आणि दात येणाऱ्या बाळासाठीसुद्धा आहे. रात्रभर रडणारे पोर खांद्यावर घेऊन ज्याने येरझारा घातल्या आहेत, त्यालाच असा विषय सुचतो.

घर आणि भाऊ

चार्ल्सचे लग्न ८ एप्रिल १७४९ रोजी झाले. नवरा एकेचाळीस वर्षांचा, नवरी सॅली ग्विन बावीस वर्षांची, वेल्समधल्या सुखवस्तू घरातली. फिरस्त्या उपदेशकाला मुलगी कशी द्यायची? सासूबाईंनी वर्षाला शंभर पौंडांच्या उत्पन्नाची हमी मागितली. ती दिली गेली भावांच्या पुस्तकांच्या विक्रीतून. म्हणजे गीतांनीच कवीचे लग्न जमवले. लग्न जॉननेच लावले.

संसार सुखाचा झाला, पण दुःखाशिवाय नाही. १७५३ च्या हिवाळ्यात सॅलीला देवी आल्या. ती वाचली, चेहरा कायमचा व्रणांनी भरला. त्याच साथीत त्यांचा पहिला मुलगा जॅकी गेला. आठ मुलांपैकी पाच लहानपणीच गेली. चार्ल्सच्या गीतांत मरणाचा विषय इतक्या वेळा का येतो, असे विचारणाऱ्याने हा आकडा आठवावा. पाठ केलेले सांत्वन त्यांत नाही. जे स्वतःला पुरले, तेवढेच त्याने दुसऱ्याला दिले.

आणि भावाचे काय? दोघांचे प्रेम गाढ, पण वाद कडाक्याचे. १७४९ च्याच शरद ऋतूत जॉनने ग्रेस मरे या न्यूकॅसलच्या विधवेशी लग्नाचे वचन दिले होते. ती आधीच जॉन बेनेट या उपदेशकाला बांधलेली आहे, आणि शिवाय या लग्नाने चळवळ फुटेल, अशी चार्ल्सची खात्री. तो घोडा दौडवत उत्तरेला गेला आणि त्याने ग्रेसचे बेनेटशी लग्न लावून टाकले. जॉनला कळले तेव्हा सगळे उरकले होते. लीड्सला दोघे समोरासमोर आले. व्हाइटफील्ड मध्ये पडला, अश्रू झाले, मिठी झाली. पण काहीतरी तडकले ते तडकलेच. पुढे १७५१ मध्ये जॉनने दुसरीशी लग्न केले आणि ते फार दुःखाचे ठरले. धाकट्याच्या खात्यावर ही नोंद राहते. हेतू चांगला म्हणून कृत्य क्षम्य होते असे नाही.

१७७१ मध्ये चार्ल्सचे कुटुंब ब्रिस्टलहून लंडनच्या मॅरिलबोन भागात राहायला आले. त्याची दोन मुले, चार्ल्स आणि सॅम्युअल, संगीतातली बालचमत्कार होती. थोरला तीन वर्षांचा व्हायच्या आतच हार्प्सिकॉर्ड हे पेटीसारखे तारवाद्य वाजवू लागला होता. १७७९ पासून काही वर्षे या भावांचे घरगुती जलसे होत. तिकीट काढून उमराव मंडळी येत. हा कसला देवमाणसाचा संसार, असे कडवे मेथॉडिस्ट पुटपुटत. जॉनही एकदा आला. वेळ बरा गेला, पण सरदार-सरदारणींत आपण जरा अवघडलो, असा शेरा त्याने रोजनिशीत मारला आहे.

या श्रोत्यांत एक उमराव नेमाने येई. स्वतः व्हायोलिन वाजवणारा, डब्लिन विद्यापीठात संगीताचा प्राध्यापक राहिलेला अर्ल ऑफ मॉर्निंग्टन. त्याचे नाव गॅरेट वेस्ली. ज्या रिचर्ड कॉलीला आयर्लंडची ती इस्टेट मिळाली, त्याचाच हा मुलगा. आणि कलकत्त्याचा रिचर्ड व असईचा आर्थर यांचा बाप. ज्याने वारसा नाकारला तो आणि ज्याच्या घराला तो मिळाला तो, असे दोघे एका दिवाणखान्यात बसून मुलांचे वाजवणे ऐकत होते. एकाला दुसऱ्याचा हेवा वाटला असेल काय? मला तरी वाटते, वाटला असलाच तर तो उमरावाला.

वेगळी झालेली वाट

चार्ल्सचे खरे दुःख शेवटी आले. तो आयुष्यभर चर्च ऑफ इंग्लंडचा निष्ठावंत राहिला. आपली चळवळ म्हणजे जुन्या घरातली साफसफाई आहे, नवे घर बांधणे नव्हे, हा त्याचा आग्रह. पण अमेरिका स्वतंत्र झाली. तिथल्या मेथॉडिस्टांना संस्कार करायला दीक्षित धर्मगुरू मिळेनात आणि बिशप दीक्षा देईनात. १७८४ च्या सप्टेंबरात एक्याऐंशी वर्षांच्या जॉनने ब्रिस्टलमध्ये भल्या पहाटे काही जणांना स्वतःच दीक्षा दिली. चार्ल्स त्या वेळी त्याच गावात होता. त्याला सांगितलेही नाही.

हे कळल्यावर चार्ल्स फार दुखावला. हा दिवस पाहण्याइतके आपण उगाच जगलो, अशा आशयाचे पत्र त्याने एका स्नेह्याला लिहिले. जॉनची गरज खरी होती आणि चार्ल्सची निष्ठाही खरी होती. इतिहासाने जॉनला दुजोरा दिला. चळवळ वेगळी होऊन स्वतंत्र चर्च झाले. यातला दुर्दैवाचा भाग असा, की त्या वेगळ्या चर्चला बांधून ठेवले ते चार्ल्सच्या गीतांनी. १७८० मध्ये जॉनने मेथॉडिस्टांसाठी ५२५ गीतांचे पुस्तक काढले, त्यांत बहुतेक चार्ल्सची. लोकांच्या हातात बायबलच्या खालोखाल हेच पुस्तक. ज्या फाटाफुटीला कवीचा जिवापाड विरोध होता, तिच्यातून उभ्या राहिलेल्या घराला माती त्याच्याच हाताची होती.

चार्ल्स २९ मार्च १७८८ रोजी गेला. शेवटच्या दिवसांत हातात लेखणी धरवेना, तेव्हा त्याने पत्नीला एक छोटेसे कडवे सांगितले आणि तिने ते उतरवून घेतले. जॉनच्या सिटी रोड चॅपलच्या आवारात पुरायला त्याने आधीच नकार दिला होता, कारण ती जमीन चर्च ऑफ इंग्लंडच्या विधीने पवित्र केलेली नव्हती. त्याला मॅरिलबोनच्या आपल्या चर्चच्या आवारातच पुरले आणि त्या चर्चच्या आठ धर्मगुरूंनी त्याला खांदा दिला. मेल्यावरही त्याने हट्ट सोडला नाही. मागे राहिलेल्या सॅलीला पुढे विल्यम विल्बरफोर्स आणि त्यांच्या दोन मित्रांनी वार्षिक तनखा दिला. ती १८२२ पर्यंत जगली.

जॉन तेव्हा दौऱ्यावर होता. निधनाच्या पत्रावरचा पत्ता चुकला आणि बातमी पोचेपर्यंत लंडन गाठण्याची वेळ टळून गेली. भाऊ अंत्यविधीला नव्हता. दोन आठवड्यांनी बोल्टन गावी उपासनेत त्याने चार्ल्सचे एक गीत म्हणायला घेतले. रात्रभर देवदूताशी झुंजणाऱ्या याकोबाच्या कथेवरचे ते दीर्घ गीत. माझी सगळी पदे एकीकडे आणि हे एक गीत दुसरीकडे, असे खुद्द वॉट्सने ज्याच्याबद्दल म्हटले होते, तेच. सोबत्यांनी साथ सोडल्याचा उल्लेख येणाऱ्या ओळीपाशी म्हाताऱ्याचा गळा दाटला. तो व्यासपीठावरच बसला आणि ओंजळीत तोंड लपवून रडू लागला. लोकांचे गाणे थांबले.

पुढे त्याने भावाचा अधिकृत मृत्युलेख लिहिला, तो चार ओळींचा. त्यात, काव्यशक्ती हा माझ्या भावाचा सर्वांत लहान गुण होता, असे म्हटले आहे. यातून काय घ्यायचे? थोरल्याला धाकट्याचे मोठेपण कळले नाही असे नव्हे. बोल्टनच्या त्या सभेत ते कळून चुकलेलेच होते. मात्र ते कागदावर लिहिणे त्याला जमले नाही. भावाभावांत असे पुष्कळ घरी होते.

बदललेले शब्द, परकी चाल

डिसेंबर संपत आला की मुंबई-पुण्याच्या चर्चमधून, शाळांमधून, हल्ली दुकानांच्या भोंग्यांतूनही ‘हार्क! द हेराल्ड एंजल्स सिंग’ हे नाताळगीत ऐकू येते. ते चार्ल्सचे, १७३९ मधले. पण त्याने लिहिलेली सुरुवात वेगळी होती. तीत आकाशाला त्याने ‘वेल्किन’ हा जुना, जडसा शब्द वापरला होता. १७५३ मध्ये व्हाइटफील्डने ती ओळ बदलली. चालही परकी आहे. मेंडेल्सन या जर्मन संगीतकाराने १८४० मध्ये छपाईकलेचा जनक गुटेनबर्ग याच्या गौरवसोहळ्यासाठी ती बांधली होती. धार्मिक शब्दांना ती चालणार नाही असे त्याचे स्वतःचे मत होते. १८५५ मध्ये कमिंग्ज नावाच्या इंग्रज ऑर्गनवादकाने शब्द आणि चाल यांची सांगड घातली.

आमची गीते कुणी दुरुस्त करू नयेत, ते त्यांना जमणार नाही, अशी जॉनने १७८० च्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत तंबी दिली होती. आणि नेमके दुरुस्त केलेले, परक्या चालीचे गीतच सगळ्यांत दूर गेले. लोकांच्या तोंडी पडलेल्या गाण्यावर कवीची मालकी राहत नाही. आपल्या ओव्यांचे आणि अभंगांचे पाठभेद आठवा. शब्द बदलतात, चाली बदलतात, आणि बदलत राहिल्यामुळेच गाणे जिवंत राहते.

ही चळवळ महाराष्ट्रातही आली. विल्यम टेलर या अमेरिकन मेथॉडिस्टाने १८७१-७२ च्या सुमारास मुंबईत सभा घेऊन मंडळी उभी केली. ‘मुंबईचा गोरा संत’ म्हणून ओळखले गेलेले जॉर्ज बोवेनही पुढे त्यांना मिळाले. त्यांच्याबरोबर इंग्रजी गीते आली. पण इथल्या मराठी ख्रिस्ती माणसाला स्वतःच्या गळ्याचे गाणे हवे होते, ते मुख्यतः रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी दिले. टिळक मेथॉडिस्ट नव्हते, आणि त्यांचे गुरू होते ज्ञानोबा-तुकोबा. तरीही मोलकरणीला आणि खाणकामगाराला म्हणता यावे असे लिहिण्याचा चार्ल्सचा हट्ट आणि अभंग-भजनांच्या वळणाने ख्रिस्तभक्ती गाण्याचा टिळकांचा हट्ट, यांचे मूळ एकच. भक्ती ज्याची, भाषाही त्याचीच असावी.

डँगनच्या त्या इस्टेटीचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. वेलस्ली घराण्याच्या हातून ती गेली. १८०९ मध्ये आग लागून तिथला वाडा जळाला आणि मग भग्न भिंती तेवढ्या उरल्या. चार्ल्स होय म्हणाला असता तर तो त्या वाड्याचा धनी झाला असता. कदाचित असईला वेगळाच कुणी सेनापती आला असता. पण इतिहासाच्या जर-तरला अर्थ नसतो. अर्थ आहे तो एवढ्यालाच, की एका शाळकरी मुलाने नाही म्हटले, आयुष्यभर थोरल्या भावाच्या मागे उभे राहून लिहीत राहिला, आणि अडीचशे वर्षांनंतरही कुणीतरी रोज ते गात आहे. गाणाऱ्यांतल्या बहुतेकांना कवीचे नाव ठाऊक नाही. धाकट्या भावांना त्याची सवय असते.